आई-बाबांचा अमेरिकेतला मुक्काम वाढवायचा आहे: आय-५३९ (मुदतवाढीचा अर्ज) कधी आणि कसा भरायचा?

रानवारा_जर्सी

आई (६६) आणि बाबा (७१) बी-१/बी-२ (भेटीच्या) व्हिसावर १२ जूनला न्यूअर्कला उतरले. व्हिसा २०३१ पर्यंत आहे. आय-९४ वर (प्रवेशाच्या नोंदीवर) दोघांची मुक्कामाची शेवटची तारीख ११ डिसेंबर. परतीचं तिकीट ६ डिसेंबरचं. धाकटी बहीण डॅलसला असते, तिची डिलिव्हरी जानेवारीच्या मध्यावर आहे. आता सगळ्यांच्या मनात आहे की दोघांनी फेब्रुवारीअखेरपर्यंत राहावं.

माझे प्रश्न असे: व्हिसा २०३१ पर्यंत असताना वेगळी परवानगी लागते का? आय-५३९ दोघांचा मिळून एक भरायचा की दोन? कारण काय आणि कसं लिहायचं? सोबत काय जोडायचं? आईचा पासपोर्ट ५ फेब्रुवारीला संपतो, त्याचं काय करायचं? आणि उत्तर ११ डिसेंबरच्या आत आलंच नाही तर दोघांनी थांबायचं की निघायचं?

बाबांना राज्य सरकारची पेन्शन आहे. ट्रॅव्हल इन्शुरन्स ११ डिसेंबरपर्यंतच काढला आहे.

उंबरठा

दादा, आधी व्हिसाचा आणि मुक्कामाचा संबंध डोक्यातून काढून टाका. व्हिसा म्हणजे विमानतळावरच्या इमिग्रेशन ऑफिसरसमोर उभं राहण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते तो ऑफिसर ठरवतो आणि ते आय-९४ वर लिहिलेलं असतं. तुमच्यासाठी ११ डिसेंबर ही एकच तारीख खरी. त्यानंतर एक दिवस जरी अर्जाशिवाय राहिलात तरी २०३१ पर्यंतचा व्हिसा कायद्याने आपोआप रद्द धरला जातो. मग नवा व्हिसा भारतात मुलाखत देऊनच घ्यावा लागतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून परत गेलं तर तीन वर्षं प्रवेशबंदी आणि एक वर्ष किंवा जास्त राहिलं तर दहा वर्षं.

म्हणून आज पहिलं काम करा: सीबीपीच्या (विमानतळावर प्रवेश देणाऱ्या खात्याच्या) साइटवरून दोघांचे आय-९४ नव्याने उतरवून घ्या आणि नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, व्हिसाचा वर्ग पासपोर्टशी ताडून बघा. आपल्याकडच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव अशी दोन्ही असतात. शोधताना पहिल्या नावाच्या चौकटीत ती दोन्ही, मध्ये एक जागा सोडून, टाकावी लागतात. फक्त स्वतःचं नाव टाकलं की 'रेकॉर्ड सापडत नाही' असं येतं आणि माणूस घाबरतो. खरोखरच चूक असेल तर ती सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसात दुरुस्त होते. हे आय-५३९ भरायच्या आधी उरकून घ्या, कारण अर्जात आय-९४ चा ११ अक्षरी नंबर लागतो आणि तो चुकला तर पुढचं सगळं चुकत जातं.

अर्ज दोघांचा मिळून एक करता येतो. बाबा मुख्य अर्जदार, त्यांचा आय-५३९, आणि आईसाठी सोबत आय-५३९ए. फी एकच लागते. १ एप्रिल २०२४ पासून ती ऑनलाइन अर्जाला ४२० डॉलर आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर आहे. भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या (हे अर्ज तपासणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्या) पानावर फी पुन्हा बघाच. बोटांच्या ठशांचे ८५ डॉलर आता लागत नाहीत. बहुतेकांना ठशांसाठी बोलावतही नाहीत, पण बोलावणं आलं तर त्या दिवशी जायलाच हवं. न गेल्यास अर्ज सोडून दिला असं धरतात.

कधी भरायचा? निदान ४५ दिवस आधी, असं यूएससीआयएसच सांगतं. तुमच्या बाबतीत म्हणजे २७ ऑक्टोबरच्या आत. मी ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा म्हणेन. फार लवकर, म्हणजे उतरल्यावर महिना-दोन महिन्यांत भरला तर 'येतानाच इतकं राहायचं ठरलं होतं का' असा प्रश्न उभा राहतो. आणि नोव्हेंबरअखेर भरला, त्यात सही किंवा फीची चूक निघाली, तर पाकीट परत येतं. परत आलेल्या अर्जाला दाखल झाल्याची तारीख मिळत नाही. पाकीट १५ डिसेंबरला परत आलं तर कायद्याच्या नजरेत तुम्ही अर्ज केलेलाच नाही.

कागदी अर्ज करणार असाल तर सह्या पेनने. टाइप केलेलं नाव सही म्हणून चालत नाही. आई मराठीत सही करत असतील तर खुशाल मराठीतच करू द्या. सही इंग्रजीतच हवी किंवा वाचता यायला हवी असा नियम नाही. पासपोर्टवर जशी आहे तशी असू द्या, बास. आय-५३९ए वर आईंची स्वतःची सही लागते, बाबांची चालत नाही. शिवाय फॉर्मच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते. जुनी आवृत्ती वापरली आणि ती बंद झालेली असली तर अर्ज परत. ऑनलाइन भरलं की या अर्ध्या कटकटी मुळातच उरत नाहीत आणि पावती लगेच खात्यात दिसते.

सातबारा_आणि_बरंच

कारणाबद्दल आणि जोडपत्रांबद्दल मी लिहितो, कारण अर्ज अडकतो किंवा नाकारला जातो तो बहुतेक इथेच.

बी-२ ची मुदतवाढ मागताना चार गोष्टी लेखी सांगाव्या लागतात: का थांबायचं आहे, हे थांबणं तात्पुरतं कसं, परत जाण्याची व्यवस्था काय केली आहे, आणि जास्त राहिल्यामुळे भारतातल्या घरादारावर किंवा नोकरीवर काय परिणाम होईल. या चारही गोष्टी एका पानाच्या पत्रात आल्या पाहिजेत. 'मुलांसोबत आणखी वेळ घालवायचा आहे' एवढ्यावर कुणी समाधानी होत नाही. पत्रातला मजकूर साधारण असा हवा: आम्ही १२ जूनला आलो, ११ डिसेंबरपर्यंत परवानगी आहे, आमच्या मुलीची प्रसूती जानेवारीच्या मध्यावर अपेक्षित आहे, डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे, नातवंडाचा जन्म आणि बारसं झाल्यावर आम्ही २८ फेब्रुवारीच्या आत परत जाणार, तिकिटाची तारीख बदलून घेतली आहे, पुण्याला किंवा जिथे असेल तिथे आमचं स्वतःचं घर आहे, पेन्शन तिथेच जमा होते, आमच्यावर तिकडे अमुक जबाबदाऱ्या आहेत.

सरसकट सहा महिने मागू नका. एका वेळी सहा महिन्यांपर्यंत वाढ मिळू शकते, पण तुम्हाला ११ आठवडे हवे आहेत तर ११ आठवडेच मागा. नेमकी तारीख आणि नेमकं कारण असलं की तपासणाऱ्याला अर्ज पटतो.

एक नाजूक गोष्ट. 'बहिणीची रजा संपणार म्हणून आई बाळ सांभाळणार' असं कारण असेल तर थांबून विचार करा. बी-२ हा भेटीचा व्हिसा आहे. आजी-आजोबा नातवंडाला मांडीवर घेतात, अंगाई म्हणतात, बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून घालतात, यात गैर काहीच नाही. पण पगारी दाईऐवजी आजी हा मुक्कामाचा खरा हेतू असेल तर तो या व्हिसात बसत नाही. पत्रात खरं तेच लिहा. खरं लिहिता येत नसेल तर मुदतवाढ मागू नका. या अर्जातली खोटी माहिती पुढे ग्रीन कार्डच्या वेळीसुद्धा बाहेर येते आणि ते नुकसान कायमचं असतं.

जोडपत्रं अशी. दोघांच्या पासपोर्टची माहितीची पानं, व्हिसाचं पान, शिक्क्याचं पान, आय-९४. बदललेल्या तारखेचं तिकीट. बहिणीच्या डॉक्टरांचं पत्र. खर्च तुम्ही करणार असाल तर तुमचा आय-१३४ (खर्च उचलण्याचं हमीपत्र), सोबत नोकरीचं पत्र, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा, गेल्या वर्षीचा १०४० (कर विवरणपत्र) आणि डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला), बँकेचं स्टेटमेंट. आई-बाबांची स्वतःची ऐपत दाखवायला पेन्शनचं पीपीओ, पासबुकाची पानं, एफडीच्या पावत्या. किती शिल्लक हवी याचा ठरलेला आकडा नाही. मुक्कामाचा खर्च आणि परतीचा प्रवास निघेल असं दिसलं पाहिजे.

भारतात परत जाण्याची ओढ दाखवणारे कागद मात्र लोक हलक्यात घेतात. फ्लॅट असेल तर इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, यंदाची घरपट्टी. गावाकडे शेती असेल तर सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवरून इथे बसून काढता येतो, त्यासाठी तलाठ्याकडे कुणाला पाठवायची गरज नाही. पण सातबारा, घरपट्टी हे मराठीत असतात आणि मराठी कागद नुसता जोडला तर तो न जोडल्यासारखाच. प्रत्येक मराठी कागदाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. 'संपूर्ण' म्हणजे शिक्का, सही, पीकपाहणीचे रकाने, इतर हक्कांतला बोजा, सगळं. शिक्का वाचता येत नसेल तर 'शिक्का अवाच्य' असं भाषांतरात लिहायचं. खाली भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यायचं की मला मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट येतात, हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे. त्याखाली नाव, पत्ता, सही, तारीख. नोटरी लागत नाही. दोन्ही भाषा जाणणारी कुठलीही व्यक्ती हे करू शकते, पण अर्जदाराने किंवा घरच्याने न करता बाहेरच्या ओळखीच्या माणसाकडून करून घेतलेलं बरं. आणि 'हेक्टर-आर'चं आकारमान आहे तसंच ठेवा, एकरात बदलत बसू नका. मूळ कागदावरचा आकडा आणि भाषांतरातला आकडा जुळला पाहिजे.

पारपत्र

आईंच्या पासपोर्टबद्दल. मुदतवाढ ज्या तारखेपर्यंत मागता तोपर्यंत पासपोर्ट चालू हवा. ५ फेब्रुवारीला संपणाऱ्या पासपोर्टवर २८ फेब्रुवारी मागणं म्हणजे अर्जात छिद्र ठेवणं. त्यामुळे क्रम असा लावा: आधी पासपोर्ट, मग आय-५३९.

पासपोर्ट संपायच्या एक वर्ष आधीपासून नवा करता येतो. अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर भरायचा आणि कागद व्हीएफएसमार्फत तुमच्या भागातल्या कॉन्सुलेटकडे जातात. इथे कायदेशीर राहत असल्याचा पुरावा मागतात. आय-९४ ची तारीख शिल्लक असताना तो एका प्रतीत देता येतो. ११ डिसेंबर उलटल्यावर मुदतवाढीच्या पावतीसह समजावत बसावं लागेल. म्हणून या आठवड्यातच भरा. पासपोर्ट पाठवायच्या आधी प्रत्येक पानाची, कोऱ्या पानांचीही, रंगीत स्कॅन काढून ठेवा, कारण आय-५३९ साठी शिक्क्याचं आणि व्हिसाचं पान लागणार आहे. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत येतो. त्यातला व्हिसा तसाच चालू राहतो. पुढच्या प्रवासात दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे. व्हिसाच्या पानाला कुणी स्टेपल मारू नका.

नवा पासपोर्ट हातात आला की अर्जात त्याचा नंबर टाका आणि प्रती दोन्हींच्या जोडा, कारण आय-९४ जुन्या नंबरवर आहे. २७ ऑक्टोबर उजाडला आणि नवा पासपोर्ट आलाच नाही, तर मात्र वाट बघू नका. जुन्यावरच अर्ज करा, नव्या पासपोर्टच्या अर्जाची पावती जोडा, नंतर नवा आला की खात्यात अपलोड करा. पासपोर्टपायी ११ डिसेंबर चुकता कामा नये.

रानवारा_जर्सी

फार उपयोग झाला, मनापासून आभार. पासपोर्टचा अर्ज आजच सुरू करतो. अजून दोन गोष्टी विचारतो. ऑक्टोबरअखेर दोघंही बहिणीकडे डॅलसला जातील. अर्ज माझ्या पत्त्यावरून केला तर चालेल ना? आणि तो मधला काळ, म्हणजे ११ डिसेंबर गेला आणि उत्तर नाही, तेव्हा दोघांची स्थिती नेमकी काय असते?

उंबरठा

पत्ता: चालेल, पण मुक्काम हलला की १० दिवसांत एआर-११ भरून नवा पत्ता कळवा, दोघांचा वेगवेगळा. ऑनलाइन होतो, फी नाही. पत्रं तुमच्याकडेच यायला हवी असतील तर टपालाचा पत्ता तुमचा ठेवा आणि राहण्याचा बदला. दोघं बाहेर पडताना आय-९४ ची आणि पावतीची प्रत पिशवीत असू द्या. १८ वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा असतो आणि आय-९४ हाच तो पुरावा.

मधला काळ: अर्ज ११ डिसेंबरच्या आत नीट दाखल झालेला असेल आणि उत्तर बाकी असेल, तर त्या काळातलं राहणं बेकायदा मोजत नाहीत. पावती, म्हणजे आय-७९७सी, जपून ठेवा. तिथून पुढे तीन शक्यता.

मंजूर झालं तर आय-७९७ए येतो. त्याच्या तळाशी नवा आय-९४ छापलेला असतो. सीबीपीच्या साइटवर जुनीच तारीख दिसत राहील, त्याने घाबरू नका, छापील कागद खरा. निघताना तो बरोबर ठेवा.

नामंजूर झालं तर नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा दिवस मोजायला सुरुवात होते. तिकीट बदलून लगेच निघायचं. 'अपील करू, मग बघू' असं या वयाच्या माणसांच्या बाबतीत करू नका.

तिसरी शक्यता सगळ्यांत जास्त वेळा येते आणि लोक नेमके तिथेच फसतात. उत्तर यायला महिनोन् महिने लागू शकतात. तुम्ही २८ फेब्रुवारी मागितली, २८ फेब्रुवारी आली आणि अर्ज अजून 'प्रलंबित'च. तेव्हा निघायचं. अर्ज प्रलंबित आहे म्हणून हवं तितकं राहता येतं हा गैरसमज आहे. आसरा मिळतो तो तुम्ही स्वतः मागितलेल्या तारखेपर्यंतच. निघाल्यावर अर्ज तिथेच संपतो, त्याचं काही वाईट नाही. पावती, मागितलेली तारीख दाखवणारी अर्जाची प्रत आणि परतीचा बोर्डिंग पास एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी विमानतळावर 'गेल्या वेळी जास्त का राहिलात' असं विचारलं तर तोंडी सांगण्यापेक्षा तो फोल्डर पुढे करायचा.

कॅनडाला चार दिवस जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात असं कुणी सांगेल. मिळत नाहीत. तशा छोट्या फेरीनंतर बहुधा जुनाच आय-९४ चालू राहतो.

पैपै

करांचं कुणीच काढलं नाही, आणि तुमच्या तारखांमध्ये ते महत्त्वाचं आहे.

अमेरिकेच्या करखात्याचा नियम व्हिसाचा वर्ग विचारत नाही, दिवस मोजतो. चालू वर्षातले सगळे दिवस, गेल्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षातल्यांचा एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली की करासाठी तुम्ही इथले रहिवासी. बी-२ वरचे पाहुणेही यातून सुटत नाहीत. उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही धरायचे.

आता मोजा. जूनचे १९, जुलै ३१, ऑगस्ट ३१, सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१. झाले २०३. म्हणजे थांबले तर दोघंही या कॅलेंडर वर्षासाठी करदृष्ट्या रहिवासी. ११ डिसेंबरला निघाले असते तरी बरोबर १८३ भरले असते, ६ डिसेंबरच्या मूळ तिकिटाने १७८. १८३ च्या आत असताना, मागच्या वर्षांचे दिवस धरून बेरीज वर गेली, तर फॉर्म ८८४० भरून 'आमचं घरदार भारतातच' असं सांगता येतं. चालू वर्षातच १८३ भरले की ती वाट बंद.

मग भारत-अमेरिका कर कराराचा आधार घ्यावा लागतो: कायमचं घर कुठे, कौटुंबिक आणि आर्थिक गुंतवणूक कुठे, या कसोट्यांवर भारताचे रहिवासी असल्याचं सांगून १०४०-एनआर (अनिवासींचं कर विवरणपत्र) आणि फॉर्म ८८३३ (कराराचा आधार घेतल्याचं सांगणारा) भरायचा. त्यांचं सगळं उत्पन्न भारतातलं असेल तर इथे कर बहुधा लागणार नाही, पण कागद भरणं आलं. शिवाय एफबार, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा. भारतातल्या सगळ्या खात्यांची आणि एफडींची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर तो भरायचा, आणि कर करार त्यातून सूट देत नाही. निवृत्तीचे पैसे ठेवलेल्या कुठल्याही घरात हा आकडा सहज ओलांडला जातो. भारतातला आणि इथला, दोन्ही बाजूंचे कर समजणारा सीपीए (इथला सीए) गाठा, जानेवारीतच.

ओवा_सुंठ

औषधं, विमा आणि पेन्शन यांचं मी सांगते.

विमा ११ डिसेंबरला संपू देऊ नका. तीच पॉलिसी संपायच्या आत वाढवायची. एक दिवसाचा जरी खंड पडला तरी नवी पॉलिसी नव्याने सुरू होते आणि मधल्या सहा महिन्यांत सुरू झालेला कुठलाही आजार 'आधीपासूनचा' ठरतो. भारतातल्या कंपनीची पॉलिसी असेल तर कमाल दिवसांची मर्यादा आधी वाचा. तिथे वाढवून मिळत नसेल तर इथली व्हिजिटर पॉलिसी घ्या, पण ठरावीक रक्कम देणारी स्वस्त पॉलिसी घेऊ नका. तिच्यात हॉस्पिटलच्या एका दिवसाला जी रक्कम मिळते त्यात इथलं बिल भागत नाही. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' घ्या आणि जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर किती रकमेपर्यंत आणि कोणत्या वयापर्यंत पैसे मिळतात ते वाचा. सत्तरीनंतर ही रक्कम बऱ्याच पॉलिसींत खाली येते, आणि बाबा ७१ चे आहेत.

औषधं: भारतातून कुरिअरने मागवायच्या भरवशावर राहू नका, कस्टममध्ये अडकतात. साठा संपायच्या महिनाभर आधी इथल्या डॉक्टरांना दाखवा. मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, ग्लिमेपिराइड इथे जेनेरिकमध्ये मिळतात. पण विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड ही आपल्याकडे सर्रास दिली जाणारी मधुमेहाची औषधं इथे मिळतच नाहीत. त्यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना बदली औषध ठरवायला आणि साखर पुन्हा जुळायला वेळ द्यावा लागतो. गोळ्यांच्या पाकिटावरचं कंपनीचं नाव दाखवून उपयोग नाही, त्याखाली बारीक अक्षरात असलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम कागदावर उतरवून न्या.

पेन्शन: हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये लागतो, आणि बाबा तेव्हा डॅलसला असतील. फोनवर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन्ही अ‍ॅप टाकून चेहरा दाखवून दाखला करता येतो. पहिल्याच आठवड्यात करा. जमलं नाही तर भारतीय कॉन्सुलेटकडून दाखला घेऊन बँकेला किंवा कोषागाराला पाठवायला वेळ उरतो. चुकलं तरी पेन्शन बुडत नाही, दाखला गेला की थकबाकीसह मिळते, पण मधले महिने खात्यात काही येत नाही. आणि दोघांची भारतातली सिम चालू ठेवा. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. ती सहा महिन्यांच्या रिचार्जवर आणली असतील तर रिचार्ज नेमका डिसेंबरात संपेल.

उंबरठा

तिकिटाबद्दल राहिलं होतं. ६ डिसेंबरची तारीख विमान सुटायच्या बऱ्याच आधी बदला. 'नो-शो' झालं की परतीचा प्रवास रद्द होतो. बदलल्यावर व्हीलचेअर आणि जेवणाची विनंती नव्या तारखेवर आहे ना, ते फोन करून विचारा.

आणि २८ फेब्रुवारी मागणार असाल तर तिकीट २८ चं घेऊ नका. मुंबईची बरीच विमानं रात्री उशिरा सुटतात. २८ च्या रात्री घरून निघून विमान १२.३० ला असेल तर ती १ मार्च असते, म्हणजे एक दिवस जास्त. तिकीट २४-२५ चं ठेवा, म्हणजे बर्फामुळे विमान रद्द झालं तरी मध्ये दोन-तीन दिवस राहतात.